बायसन आणि बफेलो

मॉरिसव्हिलमधल्या आमच्या ओळखीच्या मंडळींना माझ्या नोकरीबद्दल सांगायचं काम आमच्या यांनी स्वतःकडे घेतलं होतं. "ती युनिव्हर्सिटीत असते, अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये," एवढं बोलून ते समोरच्याच्या बशीत आणखी एक अळूवडी वाढायचे आणि विषय बदलायचे. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त अर्धं सांगायचं राहायचं. मी विद्यापीठाच्या फुटबॉल संघात कामाला होते, आणि त्यातही बचावाच्या कोचची सेक्रेटरी. २००२ ते २००८, सहा सीझन. हे फुटबॉल अमेरिकेतलं. यात चेंडू दोन्हीकडून निमुळता असतो आणि पाय त्याला क्वचितच लागतो.

ग्रीन कार्ड हातात आल्यावर मी नोकरी शोधायला लागले, तेव्हा माझ्याजवळ कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागाचा अकरा वर्षांचा अनुभव होता. बैठक क्रमांक, हॉल तिकिटं, पुरवण्यांची मोजदाद. हे अमेरिकेत कोणाला हवं असेल, असं मला वाटत नव्हतं. कोच बर्डेट यांना हवं होतं. पन्नाशीचा उंच माणूस, ऑफिसातसुद्धा गळ्यात शिट्टी. त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला.

"तुम्हाला फुटबॉल कळतं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"चेंडू दाखवलात तर ओळखेन."

"छान," ते म्हणाले. "आधीच्या बाईंना कळायचं. त्या मला सल्ले द्यायच्या. सोमवारपासून या."

या खेळाची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ज्यांच्याकडे चेंडू असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले, की पुन्हा चार प्रयत्न. असं करत ते मैदानाच्या टोकाला पोचतात आणि गुण मिळवतात. आपल्या अकरा जणांनी त्यांना अडवायचं. प्रत्येक प्रयत्नाआधी जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. तेवढ्यात कोणी कुठे उभं राहायचं, कोणी अंगावर धावून जायचं, कोणी मागे थांबायचं, हे कोच ठरवतो. अशा प्रत्येक रचनेला एक नाव असतं, त्याला कॉल म्हणतात. कोच कडेला उभा राहून बोटांनी आकडा दाखवतो. खेळाडू मनगटावरच्या पट्टीतल्या कार्डात तो आकडा शोधतात, समोरचं नाव वाचतात, मधला खेळाडू ते नाव ओरडतो आणि सगळे आपापल्या जागी पळतात.

ते कार्ड तयार करणं हे माझं मुख्य काम. मी घरातल्या वाणसामानाची यादीसुद्धा दुकानातल्या रांगांच्या क्रमाने करते. हे काम माझ्यासाठीच निर्माण झालं होतं.

कोच बर्डेट यांच्या कॉलना प्राण्यांची नावं होती. चोवीस प्राणी. प्रत्येक प्राणी डावा आणि उजवा. डावा-उजवा झाला की तो पुन्हा 'नुसता' किंवा 'शेपटीसकट'. म्हणजे एकूण शहाण्णव. या सगळ्यांचं वर्णन एका बाइंडरमध्ये होतं, तीनशे बारा पानी. पहिल्याच आठवड्यात मी तो बाइंडर नीट वर्णानुक्रमे लावून ठेवला. कोच दोन दिवस पानं उलटत राहिले. तिसऱ्या दिवशी हळू आवाजात म्हणाले, "मिस सू, प्युमा कुठे गेला?" सुनंदा हे नाव तिथे कोणाला जमलं नाही, म्हणून मी मिस सू. "पी अक्षराखाली," मी म्हणाले. तेव्हा कळलं, की आधीचा क्रम त्यांच्या विश्वासाचा होता. सगळ्यात भरवशाचा प्राणी पहिला. तो क्रम परत लावायला मला आणखी दोन दिवस लागले आणि त्यात मला बाइंडर जवळजवळ पाठ झाला. समजला मात्र नाही.

माझ्या तिसऱ्या सीझनला आम्ही ओळीने पाच सामने हरलो. आणि मग एकच चर्चा सुरू झाली: बर्डेटची योजना फारच अवघड आहे का? रेडिओवर तीच, कॅफेटेरियात तीच. माझा डेंटिस्ट माझं तोंड उघडं असताना म्हणाला, "तुमचे खेळाडू विचार करत उभे राहतात हो." मला उत्तर देता येत नव्हतं म्हणून बरं. कोचचं म्हणणं वेगळं होतं. समोरचे दरवेळी नवं काहीतरी घेऊन येतात, आपण चार गोष्टी घेऊन बसलो तर अर्ध्या तासात ते आपल्याला पाठ करतील. दोन्ही बाजू मला पटायच्या. पण मला मत विचारलेलं नव्हतं आणि सल्ला देणाऱ्या बाईंचं काय झालं ते ठाऊक होतं.

मग सोमवारी क्रीडा विभागाच्या प्रमुखांनी कोचना बोलावून घेतलं. परत आल्यावर कोचनी दार लावलं, शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तीन सामने उरलेत. बचाव सुधारला नाही तर पुढच्या वर्षी या खुर्चीत दुसरा कोणी."

"कोणी म्हणजे कोण?"

"ज्याच्याकडे पातळ बाइंडर असेल तो."

त्यांची बायको याच गावातल्या शाळेत शिकवत होती. या कामात त्यांनी आधी सहा गावं बदलली होती, आणि सातवं बदलायची त्यांची तयारी नव्हती. हे ते बोलले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की कार्डावरचं अक्षर मोठं करा, मुलांना दिसत नाही.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. मुलं मनगट नाकाला लावून वाचतात, हे मी दोन वर्षं बघत होते. शहाण्णव ओळी बसवायला मी अक्षर मुंगीएवढं केलं होतं, आणि बसल्या म्हणून मला अभिमानही होता. वाचणाऱ्याचं काय होतं, हे बघणं माझ्या यादीत नव्हतं.

गुरुवारी मी कार्ड घेऊन बसले. अक्षर मोठं केलं की ओळी मावेनात. कोच व्हिडिओच्या खोलीत कडी लावून बसले होते आणि दारावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती: आग लागली तरच ठोठवा. आग लागली नव्हती. मी यादी पुन्हा वाचली. एका ओळीत बायसन, एका ओळीत बफेलो. बाइंडरमधली त्यांची पानं शेजारी ठेवली. मला तरी दोन्ही चित्रं एकसारखीच दिसत होती. परीक्षा विभागात असं नेहमी व्हायचं. जुन्या अभ्यासक्रमात 'भौतिक भूगोल', नव्यात 'प्राकृतिक भूगोल', आणि पेपर तोच. विचारून खात्री करावी म्हणून मी मार्कसला फोन लावला. मार्कस म्हणजे आमचा मधला खेळाडू, कॉल ओरडणारा. त्याला नाही माहीत तर कोणाला माहीत असणार?

"मार्कस, मिस सू बोलतेय. एक सांग, बायसन आणि बफेलो, हे वेगळे की एकच?"

"एकच, मॅम."

"नक्की?"

"सगळ्यांना माहितीये, मॅम. लोक दोन्ही म्हणतात."

मला नवल वाटलं. आमच्याकडे दाजीपूरच्या जंगलात ज्याला बायसन म्हणतात तो गवा, आणि बफेलो म्हणजे म्हैस. म्हशीखाली बसून धार काढतात, गवा दिसला तर आपण झाडावर. पण मैदानावरच्या प्राण्यांबद्दल मी कोण बोलणार?

"बरं. प्युमा आणि कूगर?"

"एकच."

"माउंटन लायन?"

"तोच, मॅम."

"पँथर?"

"आपल्याकडे तोच. दुसरीकडे वेगळा असू शकतो."

आपल्याकडे म्हणजे आपल्या संघात, असं मी समजले.

"वुडचक आणि ग्राउंडहॉग? कॅरिबू आणि रेनडिअर?"

"एकच, एकच. मॅम, हे सगळं येणार आहे का?"

"हो, येणार आहे."

"थँक यू, मॅम! थँक यू!" इतक्या आनंदाने माझे आभार त्या ऑफिसात कोणी मानले नव्हते.

मी कामाला लागले. आकडे तसेच ठेवले, कारण कोच आकडे स्वतःच्या रंगीत कागदावरून दाखवायचे. फक्त चौदा आणि सत्तावीस एका ओळीत घेऊन त्यांच्यापुढे एकच नाव लिहिलं, बायसन. असे सहा प्राणी दुसऱ्या प्राण्यांत गेले. चोवीस ओळी कमी झाल्या. अक्षर इतकं सुरेख मोठं झालं, की मी दोन कार्डं जास्तीची छापली, नुसती बघायला.

शनिवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे वरच्या काचेच्या खोलीत बसून प्रत्येक कॉल लिहून घेत होते. खाली काहीतरी वेगळं चाललं होतं. मुलं मनगटाकडे बघत, लगेच मान वर करत आणि जागेवर पळत. समोरच्यांना आम्ही उत्तरार्धात एकही गुण करू दिला नाही. आम्ही जिंकलो. कोच मुलांना मिठ्या मारत फिरत होते आणि रेडिओवर त्यांनी ठणकावून सांगितलं, "लोक म्हणत होते योजना अवघड आहे. अवघड काही नसतं. मुरायला वेळ लागतो. आज ती मुरली."

मी गाडीत ते ऐकलं आणि मला त्यांच्याबद्दल खरंच बरं वाटलं.

सोमवारी सकाळी व्हिडिओच्या खोलीतून हाक आली. "मिस सू!" पडद्यावर सामना थांबवलेला होता. कोच काठीने दाखवत होते. "मी इथे सत्तावीस दाखवलाय. बफेलो. बफेलोत या डावीकडच्या मुलाने अर्धं पाऊल बाहेर उभं राहायचं. हा आत आहे. बाकीचे दहासुद्धा बायसनमध्ये उभे आहेत. एक मुलगा चुकतो, दोन चुकतात, अकराच्या अकरा एकच चूक कशी करतात?"

मला कळायला लागलं होतं. मार्कसला बोलावलं गेलं. त्याने पडदा बघितला, पट्टी काढून दाखवली. "कार्डावर बायसन होतं, कोच."

"कार्डावर बायसन का होतं?"

"तूच सांगितलंस ना, एकच आहेत म्हणून," मी म्हणाले.

"प्राणी एकच आहेत, मॅम! मला वाटलं तुम्ही माझी बायोलॉजी घेताय. शुक्रवारी क्विझ होती."

परीक्षा विभागातली सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "कशी गेली?"

"कॅरिबू आलाच नाही."

कोच खुर्चीत बसले. "तुम्ही माझे सहा प्राणी मारलेत."

"मारले नाहीत, कोच. दुसऱ्यांच्या गोठ्यात बांधले."

"मिस सू, हा विनोद नाहीये. प्रत्येकात फरक आहे."

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुम्हाला विचारायला हवं होतं. दुपारपर्यंत सगळे परत आणून देते."

कोच मार्कसकडे वळले. "मग तुम्ही जिंकलात कसे?"

मार्कसने आधी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "खरं सांगू, कोच? पट्टी वाचून झाल्यावर समोर बघायला वेळ मिळाला. या वर्षी पहिल्यांदाच."

तो गेल्यावर कोचनी बाइंडर उघडला आणि मला एकेक पान दाखवायला लागले. बफेलो त्यांनी का केला? फार वर्षांपूर्वी एका छोट्या कॉलेजात असताना शेवटच्या मिनिटाला डावीकडचा मुलगा अर्धं पाऊल आत उभा होता आणि सामना गेला. कूगर एका पावसातल्या हरण्यातून आला. रेनडिअर अशा एका हरण्यातून, जे सांगताना त्यांनी चष्मा पुसला. तीनशे बारा पानांत मला एकही जिंकलेला सामना सापडला नाही. जे एकदा हुकलं, ते पुन्हा हुकू नये म्हणून त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि लिहिलेलं कधी काढलं नव्हतं.

मला माझी प्रवासाची यादी आठवत होती. एकदा विमानतळावर जाताना पासपोर्ट घरी राहिला होता, तेव्हापासून त्या यादीत 'पासपोर्ट' तीनदा आहे. आमचे हे म्हणतात, तुझी यादी वाचण्यात फ्लाइट चुकेल.

सहा प्राणी परत आणायचं कोचनी त्या आठवड्यापुरतं लांबणीवर टाकलं. जिंकलेलं कार्ड बदलायला कुठलाच कोच धजत नाही. पुढच्या शनिवारी पूर्वार्ध आमचा होता. उत्तरार्धात समोरच्यांना कळलं, की डावीकडे आमचा मुलगा कायम आतच उभा असतो. ते तिथूनच चार वेळा गेले. हरलो, थोडक्यात, पण हरलो. मी वरून बघत होते आणि प्रत्येक वेळी कागदावर लिहीत होते: २७, २७, १४, २७.

कोच वर आले तेव्हा मला वाटलं, आता बोलतील. ते फक्त म्हणाले, "बघितलंत?"

"बघितलं," मी म्हणाले. त्यांचं अर्धं पाऊल खरं होतं. मार्कसचं वर बघणंही खरं होतं. आणि सामना एकच उरला होता.

मंगळवारी मी नोकरीतला पहिला आणि एकमेव सल्ला दिला. "कोच, परीक्षा घेऊ."

"कसली?"

"कोरा कागद. मुलांना जेवढे प्राणी आठवतात तेवढे लिहू देत. नाव आणि प्रत्येकाने कुठे उभं राहायचं ते. बाइंडर बंद. अकराही जणांना जे येतं ते कार्डावर ठेवू."

त्यांनी मला न्याहाळलं. आधीच्या बाई त्यांना आठवत असाव्यात. मग म्हणाले, "मीही बसतो."

दुपारी बारा जणांना मी एकेक बाक सोडून बसवलं. कडेचे दोन खेळाडू शेजारी बसायला बघत होते, त्यांना खोलीच्या दोन टोकांना पाठवलं. "मॅम, आम्ही मैदानातपण एकमेकांना बघूनच खेळतो," त्यातला एक म्हणाला. "म्हणूनच पाच सामने गेले," मी म्हणाले. पन्नास मिनिटांनी कागद गोळा केले. अकराही जणांना बिनचूक येणारे प्राणी निघाले नऊ. कोचनी बावीस लिहिले होते.

"चोवीस आहेत," मी म्हणाले.

"कोणते दोन राहिले?"

"ते तुम्ही विचारू नये असं मला वाटतं."

नऊ प्राण्यांची यादी त्यांनी दोनदा वाचली. बायसन होता. बफेलो नव्हता. सात जणांनी लिहिला होता, त्यातल्या चौघांनी त्याच्याखाली बायसनची आकृती काढली होती. कोचचा आवाज एकदम खाली आला. "मिस सू, बाकी सगळे जाऊ देत. हा एक हवा. गेल्या शनिवारी तुम्ही बघितलंत."

"मग त्याचं नाव बदला. या देशात ते दोन प्राणी एकच आहेत. मुलं चुकणारच."

"तुमच्या देशात वेगळे आहेत?"

"पूर्ण वेगळे."

"बफेलोला काय म्हणता?"

"म्हैस."

त्यांनी तीन-चारदा प्रयत्न केला. मार्कसला बोलावलं, त्यानेही केला. दोघांच्याही तोंडून एकच निघत होतं, 'माइस'.

"माइस म्हणजे उंदीर," मार्कस म्हणाला.

"मोठा उंदीर," मी म्हणाले. "दूध देतो. डावीकडचा अर्धं पाऊल बाहेर. लक्षात राहील?"

"हे विसरणं शक्य नाही, मॅम."

बुधवार-गुरुवार मुलांनी मैदानावर म्हशीशिवाय काही केलं नाही. कार्डावर दहा नावं होती, दहावी म्हैस, आणि अक्षर एवढं मोठं, की मला छापताना लाज वाटत होती.

शेवटचा सामना. सगळा वेळ मागेपुढे चाललेला. शेवटच्या मिनिटाला आम्ही तीन गुणांनी पुढे, आणि समोरचे आमच्या टोकापासून चार यार्डांवर. त्यांचा शेवटचा प्रयत्न. मी वरून कोचकडे बघत होते. आधीच्या सगळ्या सामन्यांत अशा वेळी ते रंगीत कागद वरखाली करत राहायचे आणि आकडा निघेपर्यंत मुलं त्यांच्याकडे बघत उभी असायची. या वेळी त्यांनी कागद काखेत धरला आणि दोन्ही हातांची सगळी बोटं वर केली. दहा.

मार्कसने मनगटाकडे बघितलंसुद्धा नाही. "माइस! माइस! माइस!" त्याचा आवाज काचेतून वरपर्यंत आला. समोरचा एक खेळाडू खरोखर पायाखाली बघायला लागला. डावीकडचा आमचा मुलगा अर्धं पाऊल बाहेर सरकला. चेंडू घेऊन त्यांचा माणूस त्याच बाजूने आला आणि सरळ त्याच्या छातीवर आदळला. तिथेच पडला. टोकापासून एक यार्ड अलीकडे.

मी लिहिलं: १०. मग माझ्या लक्षात आलं, की मी उभी आहे.

सोमवारी क्रीडा विभागाच्या प्रमुखांनी कोचना पुन्हा बोलावलं. वीस मिनिटांनी ते आले, दार लावलं, खुर्चीत बसले.

"राहिलो," ते म्हणाले. "एक वर्ष."

"अभिनंदन, कोच."

"त्यांनी विचारलं, तर मग योजना अवघड होती की नव्हती?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, योजना उत्तम होती. यादी वाईट होती."

हा ठपका मी घेतला. त्यात निम्मं खरं होतं, आणि बाकीचं निम्मं बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. मी त्यांचे कागद पुढे सरकवले. ते सही करता करता थांबले. डोळ्यांत एक चमक आली, जी ते बाइंडर उघडायचे तेव्हा मी अनेकदा बघितली होती.

"मिस सू, लिहून घ्या. रविवारी एक नवा कॉल सुचलाय. समोरचे उजवीकडे जमले, तर आपण..."

"कोणता काढायचा?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"कार्डावर दहा आहेत. हा आला तर एक जाणार. कोणता?"

"आधी लिहून तर घ्या."

मी पेन्सिल टेबलावर ठेवली. कोचनी ड्रॉवरमधून कार्ड काढलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, परत वरपासून वाचलं. एका नावावर त्यांचं बोट थांबलं, पुढे गेलं, मागे आलं. मला दिसत होतं, त्यांना तो सामना आठवत होता.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "स्कंक काढा."

मी स्कंकवर काट मारली आणि म्हणाले, "हं, सांगा आता."